तीस ग्रॅम : साताऱ्यात कार्बन रेस सायकल बनवतानाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

वही आजपासून चालू. एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आजवर मशिनांची फायबरची झाकणं, पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरची बॉनेटं असली कामं केली. आता कार्बनची रोड रेस सायकल. फ्रेम आपली, फोर्क, चाकं, गिअर, ब्रेक विकतचे.

चालवणारे दोघं ठरले, आणि दोघांचंही पोट सायकलवर आहे. एक साताऱ्याचाच, ७८ किलोचा स्प्रिंटर, खेळाडू कोट्यातून नोकरीला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, वहीतही तेच लिहितो. दुसरी सांगलीची, ५२ किलो, घाटात भल्याभल्यांना मागं टाकते. तिला वहीत सांगलीकर म्हणू. तिच्या घरी मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटातला ‘घाटाचा राजा’ कोण, यावर जेवताना वाद होतात.

दोघांना विचारलं, सायकलीकडून काय पाहिजे? पैलवान म्हणाला, “उभं राहून पेडल हाणलं की खालनं वाकायला नको.” सांगलीकर म्हणाली, “उतारावर भ्या वाटायला नको, दादा.” मी मान डोलावली आणि पुढं वजनाचं बोलत राहिलो. यूसीआयनं, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेनं, २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचं किमान वजन ६.८ किलो ठरवलंय. आपणही ६.८ वर बोट ठेवलं.

२ डिसेंबर

दोघांची मापं घेतली. त्यांच्या सध्याच्या सायकली ट्रेनरवर चढवून, बाजूनं आणि समोरून फोटो काढून. पैलवानाला लांब फ्रेम, सांगलीकरला ४८ साइज.

कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक इंटर्न आली आहे. तिनं पहिल्याच दिवशी फळ्यावर हिशेब मांडून सगळ्यांची तोंडं बंद केली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. पैलवानाचा सीडीए, म्हणजे समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक, ०.३० धरला तर साताऱ्याच्या उंचीवर ताशी ४० किमीला साधारण २२० वॉट नुसते वारा कापण्यात जातात. टायर रस्त्यावर घासण्यात जेमतेम ३५. समुद्रसपाटीला हवा दाट, तिथं हाच आकडा सात-आठ टक्क्यांनी वाढतो.

आणि या २२० मधला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा माणसाच्या अंगाचा. सायकलीच्या वाट्याला उरतं ते थोडंसंच, आणि आपण भांडणार त्या थोड्याशासाठी. मामा फळ्याकडं बघत म्हणाले, “मग सायकल कशाला करताय, माणूसच बारीक करा की.”

मामांबद्दल एकदा लिहून ठेवतो. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. दोराला लटकून, वाऱ्यात, काचतंतू आणि इपॉक्सी घेऊन. पवनचक्कीचं पातं म्हणजे आतून सायकलीच्या नळीचंच मोठं भावंड. थराला ते ‘पदर’ म्हणतात, चपातीच्या पदरासारखं. शेडमध्ये आता सगळेच पदर म्हणतात.

२१ डिसेंबर

नळ्यांचे आकार. गोल नळी वाऱ्याच्या दृष्टीनं फार वाईट; आपल्या वेगाला तिचा गुणांक १.२ च्या आसपास येतो. माशासारखी निमुळती शेपूट असलेल्या आकाराचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका असू शकतो. पण पूर्ण शेपूट ठेवली तर नळी खोल होते, जड होते आणि आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते. म्हणून शेपूट कापायची. वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९३० च्या दशकात मोटारींसाठी हा विचार पुढं आणला. मागचा भाग योग्य जागी सपाट कापला तर हवेला शेपूट आहे असंच वाटत राहतं. आता बहुतेक एरो सायकलींच्या नळ्या कामच्या नावानंच ओळखल्या जातात.

नियम : पूर्वी नळीची लांबी-जाडी ३:१ च्या आत ठेवावी लागे, आता ती अट नाही. कमीत कमी १० मिमी, जास्तीत जास्त ८० मिमी. डाउन ट्यूब, म्हणजे हँडलकडून पेडलकडं तिरपी येणारी खालची नळी, ५८ मिमी खोल धरली. तिच्यामागं पाण्याची बाटली असतेच, म्हणून इंटर्ननं बाटलीसकट संगणकावर हवा सोडली. बाटलीशिवाय चांगला दिसणारा आकार बाटली लावल्यावर मागं पडला. बाटली न लावता आकडे काढून मिरवणारे लोक घाटात तहानलेले कसे राहतात ते त्यांनाच माहीत.

सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) मागचा भाग मागच्या चाकाला चिकटून ठेवायचा होता, पण २८ मिमीचं टायर आणि उसाच्या दिवसातला चिखल, म्हणून ५ मिमी जास्त जागा सोडली. सध्या शहराबाहेर पडलं की प्रत्येक रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पाचट आणि मातीचे गोळे. युरोपातल्या सायकलीला ही अडचण ठाऊक नाही.

१० जानेवारी २०२५

साचे आले. ॲल्युमिनियमचे, दोन अर्धे, सीएनसीवर कातलेले. शेडच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे एका दिवसात गेले. जोडाच्या रेघेवर बोट फिरवलं, नख अडलं नाही. पैसे वसूल.

प्रीप्रेगचे, म्हणजे आधीच रेझिन (चिकट राळ) मुरवलेल्या कार्बन कपड्याचे, रोल : मुख्य कपडा टी७०० जातीचा (ताणबळ ४९०० मेगापास्कल, ताठरपणा २३० गिगापास्कल), बीबीच्या भागात (पेडलचा कणा बसतो तिथं) आणि चेनस्टेला (तिथून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळ्यांना) टी८०० (२९४ गिगापास्कल). एम४०जे घ्यायचा मोह होता, ३७७ गिगापास्कल ताठर. पण जास्त ताठर तंतू ठोकर कमी सोसतो. आपल्या रस्त्यांवर ठोकर हा अपवाद नाही. घेतला नाही.

प्रीप्रेग उणे १८ अंशात ठेवावं लागतं. आइस्क्रीमवाल्याकडून जुना डीप फ्रीज घेतला, त्याच्या झाकणावर अजून मँगो डॉलीचं चित्र आहे. फ्रीजला वेगळी वही टांगली : रोल किती वाजता बाहेर काढला, किती वाजता आत ठेवला. बाहेरच्या तासांची बेरीज मर्यादेबाहेर गेली की रोल शर्यतीच्या फ्रेमला चालत नाही. दुसरं, फ्रीजमधून काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. थंड कपड्यावर हवेतलं पाणी बसतं आणि भट्टीत त्याचे बुडबुडे होतात. मामांना हे सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच पिशवीवर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘घाम सुकल्याशिवाय फोडू नये’.

६ फेब्रुवारी

पहिली फ्रेम मांडली. दोनशेच्या वर तुकडे, प्रत्येकाला नंबर. शून्य अंशाचे पदर लांबीला ताकद देतात, ४५ अंशाचे जोडीनं पीळ सोसतात, ९० अंशाचे नळी चेपू देत नाहीत. हे कागदावर तीन ओळीत संपतं. बीबीच्या कोपऱ्यात, जिथं चार नळ्या एका मुठीएवढ्या जागेत येतात, तिथं एकेक पदर वळवून बसवायला दोन तास गेले. मामांची बोटं त्या खाचेत जातात, माझी जात नाहीत.

१९ फेब्रुवारी

वाईट दिवस.

भट्टी १२५ अंश, आत ब्लॅडरमध्ये (नळीत घातलेल्या फुग्यात) ७ बारची हवा, दीड तास. चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली. जनरेटर लागला, भट्टीचा आकडा खाली आला नाही, आम्ही निश्चिंत. कॉम्प्रेसर जनरेटरच्या लाइनवर नाही हे वीस मिनिटांनी ध्यानात आलं, तेही मामांनी घड्याळ बघून “दाबाचा काटा पडलाय” म्हटल्यावर. तोवर ब्लॅडरचा दाब २ बारवर. रेझिन नेमकं पातळ झालेलं असताना आतून रेटणारं कुणी नव्हतं.

साचा उघडला तर बाहेरून फ्रेम देखणी. इंटर्न फोटो काढायला लागली. मामांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून डाउन ट्यूबवर टिचक्या मारायला सुरुवात केली, बाजारात माठ वाजवून घेतात तसं. टण, टण, टण, बद्द. परत : टण, बद्द, बद्द. खडूनं खुणा केल्या आणि तिथंच करवत चालवली. काप बघितला. दोन पदरांच्या मधे काळी फट, पोस्टकार्ड जाईल एवढी, आणि बीबीच्या आत रेझिनचं मधासारखं तळं.

कॉम्प्रेसर जनरेटरवर घेतला. कापलेली फ्रेम भिंतीवर टांगली आहे. चूक आमचीच, लाइट काय जातेच.

८ मार्च

दुसरी फ्रेम. नाणं सगळीकडं टणटणीत. रंगाशिवाय ८७२ ग्रॅम. शेडमध्ये पेढे. सातारा आहे, कारण मिळालं की कंदी पेढा येतोच.

१६ मार्च

पेढे जिरायच्या आत हाव सुटली. जगात ६०० ग्रॅमच्या आतल्या रोड फ्रेम विकत मिळतात, मग आपण ८७२ वर का थांबायचं? सायकल कुणालाही दाखवा, आधी एका बोटानं उचलून बघणार. नंतर बाकीचं. या एका बोटापायी मी तिसऱ्या फ्रेममध्ये टॉप ट्यूबचा (वरच्या आडव्या नळीचा) ४५ अंशाचा एक जोड काढला. अधिक ४५ चा एक पदर, उणे ४५ चा एक. दोन्ही मिळून ३० ग्रॅम. टॉप ट्यूबवर भार कमी असतो, संगणकावरचा ताणाचा नकाशाही तिथं निळाशार. मामा म्हणाले, “पीळ कुणी बघितलाय का?” मी म्हटलं, बघितलाय. खरं तर पेडलच्या जोराला बीबी किती सरकते तेवढंच बघितलं होतं.

तिसरी फ्रेम : ८४२ ग्रॅम.

२ एप्रिल

जोडणी पोवई नाक्यावरच्या मिस्त्रींकडं. ब्रेकची नळी हँडलमधून, मग हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या) बेअरिंगच्या पोटातून, मग फ्रेममध्ये. वाऱ्यासाठी उत्तम. मिस्त्रींनी दोन तास तारेनं नळी मासा धरल्यासारखी ओढली आणि शेवटी हात पुसत विचारलं, “म्हणजे उद्या वरचं बेअरिंग खराब झालं तर ब्रेकची नळी सोडायची, तेल काढायचं, परत भरायचं? दोनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी? हे ठरवलं कुणी?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन-तीन वॉट म्हणालो, तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

बीबी मात्र त्यांच्या सांगण्यावरून आट्यांची ठेवली. दाबून बसवायची बीबी हलकी पडते, पण घराचं माप किंचित चुकलं तरी करकरते. पावसाळ्यानंतर कुठल्या सायकली करकरत येतात याची मिस्त्रींकडं तोंडी नोंदवही आहे.

तयार सायकल, पेडल आणि बाटलीच्या पिंजऱ्यांसकट : ७.०४ किलो. मिस्त्रींनी एका बोटानं उचलली. “वा.”

९ एप्रिल

सकाळी सहा, समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट. सांगलीकर आदल्या रात्रीच आली होती. (तिची फ्रेम अजून व्हायची आहे, पैलवानाच्या फ्रेमवर सीट खाली, आखूड स्टेम (हँडल धरणारा दांडा) लावून काम चालवलं.) वर जायला १८ मिनिटं. वर पोचून हसत होती, “लै हलकी पळतीय, दादा.”

खाली आली तेव्हा हसत नव्हती. मी गाडीतून मागं होतो. तिसऱ्या वळणानंतरच्या सरळ पट्ट्यात तिनं अचानक दोन्ही ब्रेक धरले. थांबून हँडलकडं बघत उभी राहिली.

“नाचतीय.”

काय नाचतंय?

“सगळीच. हँडल थरथरतंय, मग खालची नळी, मग मी. पन्नासच्या वर गेलं की.” मीटरवर बघितलं, ५६ ला सुरू झालं होतं.

मग पैलवान बसला. त्याला जाणवलं नाही. परत ती, परत थरथर. पैलवान म्हणाला, “तू हँडल लय घट्ट धरतीस.” तिनं जे उत्तर दिलं ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

१२ एप्रिल

तीन दिवस संशयितांची फेरी. हेडसेट सैल? नाही. चाकाचा तोल? दुसरी चाकं लावली, तेच. फोर्कचा ट्रेल, म्हणजे हँडलच्या कण्याची रेघ जमिनीला मिळते तिथून चाक टेकतं तिथवरचं अंतर, कमी? हेड अँगल ७३ अंश, फोर्कचा ऑफसेट ४५, चाकाची त्रिज्या ३३९, म्हणजे ट्रेल ५७ मिमी. ४३ चा फोर्क उसना आणला, ट्रेल ५९. थरथर ५६ ऐवजी ५८ ला सुरू. पळवाट मिळाली, उत्तर नाही.

आज संध्याकाळी मी मिस्त्रींना म्हणून टाकलं की पोरगी घाबरते. बोललो आणि वाईट वाटलं. नोव्हेंबरच्या पानावर तिनं उताराचं भ्या म्हटलेलं माझ्याच अक्षरात आहे.

१३ एप्रिल

सांगलीकर आज न सांगता एकटीच पाच वेळा घाट उतरून आली. शेडमध्ये आली ती थेट सायकल स्टँडला लावून. “बसा, दाखवते.” उजवा गुडघा आत वळवून टॉप ट्यूबला टेकवला. “असा टेकवला की थांबतं. जरा सोडला की परत. पाचही वेळा. वरच्या नळीतच हाय काय ते.”

गुडघा टेकवणं ही रेसरांची जुनी युक्ती, थरथर सुटली की करायची. पण तिनं ती युक्ती म्हणून न वापरता डॉक्टर नाडी बघतो तशी वापरली. एकेक जागा दाबून बघितली होती : सीट घट्ट धरून, वजन मागं टाकून, मग गुडघा सीटजवळ, गुडघा हेडजवळ (हँडलखालच्या आखूड नळीपाशी). हेडजवळ टेकवला की सगळ्यात लवकर थांबत होतं.

मामा काही बोलले नाहीत. कपाट उघडून मार्चची मांडणीची यादी काढली आणि टॉप ट्यूबच्या खोडलेल्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

२० एप्रिल

पीळ मोजायचा जुगाड केला. मागचा एक्सल घट्ट आवळला, हेड ट्यूबमध्ये लोखंडी दांडा घालून त्याच्या टोकाला अर्ध्या मीटरवर २० किलोचं वजन, डायल गेज. दुसरी फ्रेम (८७२) आणि तिसरी (८४२) शेजारी शेजारी. तिसरी जवळजवळ पाव हिश्शानं जास्त पिळते. पेडलच्या जोराला दोघी सारख्या. म्हणून पैलवानाला काही कळलं नाही. तो बीबीला जोर देतो, उतारावर त्याचं ७८ किलो वजन आणि जाड मांड्या सायकल दाबून धरतात. ५२ किलोची बाई वर बसली की पुढचं चाक आणि फ्रेम आपापसात झोका घ्यायला मोकळी.

आता त्या ३० ग्रॅमचा हिशेब. सायकल धरून तिचं एकूण वजन ६० किलो. १८ मिनिटांच्या चढावर ३० ग्रॅमनं तिला वाचतो जेमतेम अर्धा सेकंद. त्या दिवशी ती एका सरळ पट्ट्यात ब्रेक धरून उभी राहिली होती.

५ मे

चौथी फ्रेम. ४५ अंशाचा जोड परत, शिवाय हेडच्या कोपऱ्यात २० सेंटिमीटरचा आणखी एक तुकडा. ८७९ ग्रॅम. उन्हाचा कहर, शेडमध्ये चाळीसच्या पुढं, म्हणून पदर मांडायचं काम पहाटे चार ते आठ. उन्हात प्रीप्रेग च्युइंगगमसारखं हाताला येतं.

सांगलीकर घाट उतरली. ६४ ला हात सैल सोडून. खाली येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, “आता गिअरचं बघा, मागचा तीन नंबर अडखळतोय.” यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको.

१८ मे

कोरेगाव रस्त्याच्या एका सपाट पट्ट्यावर पहाटे पाच वाजता हवेची चाचणी. वाऱ्याचा बोगदा कानपूरच्या आयआयटीत आहे, पण आपला खिसा तिथवर पोचत नाही. म्हणून रॉबर्ट चुंग यांची पद्धत : पॉवर मीटर लावून एकाच पट्ट्यावर जा-ये करायची, आणि वॉट व वेगावरून रस्त्याची चढउतार उलटी काढायची. सीडीए बरोबर धरला तर दोन्ही फेऱ्यांचा रस्ता एकसारखा निघतो. चुकीचा धरला तर सपाट रस्ता डोंगर चढतो. एक दुधाची गाडी शेजारून गेली की ती फेरी बाद. सतरा फेऱ्यांतल्या नऊ टिकल्या.

पैलवान, ४० किमीला : त्याची जुनी गोल नळ्यांची सायकल आणि आपली, फरक ६ वॉट. मग त्याच सायकलवर त्याला कोपर वाकवून हात ब्रेकच्या बोंडावर आडवे ठेवायला सांगितले : फरक १५ वॉट. सहा महिने, साचे, भट्टी, कापलेली फ्रेम, सगळं मिळून ६. कोपर वाकवायचे १५. मामा हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण.

पैलवान म्हणाला, तसं वाकून दहा मिनिटांच्या वर बसवत नाही, कंबर धरते. मग बसवेल अशी सायकल करायची, हे आपलं काम. हेड ट्यूब १० मिमीनं आखूड, रीच, म्हणजे बीबीपासून हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर, ६ मिमीनं जास्त. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमॉंडनं शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये पिछाडी भरून काढून फिन्यॉंला ८ सेकंदांनी हरवलं, तेव्हाही गाजलं ते त्याचं हात पुढं टेकायचं हँडल.

११ जून

थकव्याची चाचणी. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात रेस सायकलीला दोन्ही पेडलवर आळीपाळीनं ११०० न्यूटन, म्हणजे साधारण ११२ किलोचा माणूस उभा राहिल्याइतका भार, एक लाख फेरे. हवेच्या सिलिंडरांचं यंत्र मामांनी भंगारातून उभं केलं. सेकंदाला एक फेरा, म्हणजे अठ्ठावीस तास. रात्री मी तिथंच झोपलो. सिलिंडरांच्या फुस-फुस तालावर झोप छान लागते, आणि ताल बदलला की जाग येते. पहाटे ७१ हजारांवर जाग आली. उजव्या चेनस्टेला, बीबीपासून चार बोटांवर, केसाएवढी रेघ.

कापून बघितलं. साच्याच्या जोडात एक पदर चिमटला जाऊन चुणी पडली होती. तंतू वाकला की त्याची अर्धी ताकद गेली. पदरांचे जोड एकाच रेघेवर न आणता एकमेकांपासून सरकवून मांडायचे. ४ ग्रॅम वाढले.

२९ जून

पाचवी फ्रेम एक लाख फेरे खाऊन टणटणीत. मग २२.५ किलोचं वजन २१२ मिमीवरून फोर्कच्या टोकावर सोडायची ठोकर, तीही सोसली. ही घरची चाचणी, दाखल्याची प्रयोगशाळेत करावी लागेलच. तिथं पडण्याआधी इथं पडलेलं बरं.

यूसीआयचं नवं पत्रक : १ जानेवारी २०२६ पासून रस्त्याच्या शर्यतीत हँडल बाहेरून बाहेर किमान ४०० मिमी, रिमची खोली जास्तीत जास्त ६५ मिमी. रिमचं आपल्याला काही नाही. सांगलीकर अरुंद हँडल वापरते, तिचं हँडल बदलावं लागेल, म्हणजे तिचा स्टेमही, म्हणजे मापं परत.

१३ जुलै

चाळकेवाडी. पावसाळ्यातलं पठार, पश्चिमेचा वारा, दहा पावलांवरचं दिसत नाही आणि मधेच ढग फाटला की डोक्यावर पवनचक्कीचं पातं. आडव्या वाऱ्याच्या चाचणीला यापेक्षा स्वस्त बोगदा कुठला? ५० मिमी खोल पुढच्या चाकासह पैलवान गेला. एका वळणावर आडोसा संपला आणि वाऱ्यानं त्याला हातभर बाजूला सरकवलं. तोल गेला नाही, पण तोंड पांढरं. “नळ्यांचं काय नाय, पुढचं चाक हँडल वढतंय.” पुढं ३५ मिमीचं चाक लावलं, मागं ५० राहू दिलं. मागचं चाक हँडलला पिळत नाही, त्याला खोली परवडते.

मामा एका पवनचक्कीच्या बुडाशी उभं राहून वर बघत होते. ढगातून पात्याचा नुसता आवाज. “हिच्या कडेला पॅच मारलाय मी,” म्हणाले. कुठल्या पात्याला ते दिसायच्या आत ते परत ढगात गेलं.

२३ ऑगस्ट

सांगलीकरची ४८ साइजची फ्रेम. मोठ्या फ्रेमचे पदर तसेच लहान साच्यात घातले असते तर दगड झाला असता; नळ्या आखूड झाल्या की त्या आपोआप ताठर होतात. चेनस्टे आणि डाउन ट्यूबचे मिळून सहा पदर कमी. टॉप ट्यूबला हात लावला नाही. लहान साइजला बूट पुढच्या चाकाला लागतो म्हणून हेड अँगल ७१.५ अंश, आणि ट्रेल फार वाढू नये म्हणून ऑफसेट ५० चा फोर्क. ट्रेल ६१.

फ्रेम ८०६ ग्रॅम, रंगाशिवाय. रंगाचे पातळ दोनच हात, त्यातही ५० ग्रॅम गेले. तयार सायकल ७.०१. मिस्त्रींनी बोटानं उचलली, “आधीच्या इतकीच की.”

६ सप्टेंबर

कासला फुलं आल्यामुळं घाटात गाड्यांची रांग, म्हणून पहाटे साडेपाचला. सांगलीकर वर १७ मिनिटं ४० सेकंद. उतारात मी गाडीनं मागं राहिलो, दुसऱ्या वळणानंतर दिसलीच नाही. खाली समर्थ मंदिरापाशी चहाच्या टपरीवर सायकल भिंतीला टेकवून बसली होती, वडापाव अर्धा संपलेला.

७ सप्टेंबर

ती आज सांगलीला गेली, सायकल घेऊन. पुढचे दोन महिने तिच्या रस्त्यांवर, तिच्या गटाबरोबर. चाकं काढली, फ्रेम मामीनं दिलेल्या जुन्या गोधडीत गुंडाळली, सुतळीनं बांधली. स्टँडवर कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडायला वजन विचारलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं एका हातानं गाठोडं उचललं, परत खाली ठेवलं, परत उचललं.

“ह्यात सायकल हाय म्हणताय?”

“हाय की,” ती म्हणाली.

“का नुसतंच गोधडं?”

तिकीट न फाडता त्यानं ते मागच्या लांब सीटवर आडवं ठेवायला सांगितलं. खिडकीतून ती ओरडली, तीन नंबरचा गिअर अजून अडखळतोय.